व्याख्यान झालं, कार्ड कुणाचंच निघालं नाही

पत्र: आमचं इंदूरला राजेंद्रनगर भागात छोटंसं भगिनी मंडळ आहे. चैत्रातलं हळदीकुंकू, मंगळागौर, गणपतीतल्या स्पर्धा, एवढाच आजवरचा पसारा. यंदा गल्लीतल्या एका काकांची बायपास झाली. वय बहात्तर. मुलाने एफडी मोडली, सुनेने बांगड्या गहाण टाकल्या. सगळं उरकल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘अहो, सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं ना!’ आमचं आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. मग आम्ही हॉल घेतला, एका डॉक्टरांना बोलावलं, पडद्यावर माहिती दाखवली. लोक आले, टाळ्या वाजल्या, साबुदाण्याची खिचडी संपली. दोन महिन्यांनी चौकशी केली, तर एकाही घरात कार्ड निघालेलं नाही. कुणी म्हणतं, ते गरिबांचं. कुणी म्हणतं, आमची पॉलिसी आहे. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना तर आम्ही बोलावलंच नव्हतं, हे मागाहून लक्षात आलं. आता काय करावं? काकांचे पैसे परत मिळतील का? आणि एक विमा एजंट पुढच्या कार्यक्रमाचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत, घ्यावा का?

उत्तर:

ताई, आधी काकांचं. पैसे परत मिळणार नाहीत. आयुष्मान ही केंद्र सरकारची रुग्णालयातल्या उपचारांची योजना. तिच्यात आपण खर्च करायचा आणि मागाहून बिलं लावायची, अशी सोयच नाही. माणूस भर्ती असताना त्याची योजनेत नोंद व्हावी लागते आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. तेव्हा त्या मुलाला कुठल्या खिडकीवर अर्ज घेऊन पळवू नका, तो आधीच दमलेला असेल. पण काकांचं कार्ड मात्र याच आठवड्यात काढून घ्या. हृदयाचं दुखणं एका ऑपरेशनने कायमचं मिटेलच असं नाही आणि ‘तुम्हाला हा आजार आधीपासून आहे, इतकी वर्षं थांबा’ असं या योजनेत कुणी म्हणत नाही. जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात.

आणि एक गोष्ट त्या घरी कुणीतरी आपणहून सांगायला हवी. कार्ड खिशात असतं तरी बांगड्या वाचल्याच असत्या असं नाही. छातीत कळ आली की मुलगा बापाला जवळच्या दवाखान्यात नेतो, तिथे योजनेची पाटी आहे का ते बघत बसत नाही. तो दवाखाना योजनेत नसेल तर कार्डाचा उपयोग शून्य. योजनेत असून फक्त डोळ्यांसाठी किंवा डायलिसिससाठी असेल, तरी तेच. पाटीवर ‘आयुष्मान’ लिहिलेलं दिसतं, कुठल्या विभागासाठी ते दिसत नाही. म्हणजे घराला दोन गोष्टी आधी ठाऊक हव्यात: आपल्याकडे काय आहे, आणि ते कुठे चालतं. तुमच्या व्याख्यानात बहुधा पहिलीच सांगितली गेली असणार.

व्याख्यान का वाया गेलं, याचा फार विचार करू नका. डॉक्टर चांगले बोलले असतील. पण डॉक्टरांनी योजना सांगितली, आणि हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक घराची भानगड निराळी होती. एका घरात आजी अठ्ठ्याहत्तरची, पण आधारवर जन्मतारीख चुकलेली, त्यामुळे कागदावर ती अजून सत्तरीच्या आत. दुसऱ्या घरात काका महूच्या छावणीतून निवृत्त, त्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, ती सोडून हे घ्यायचं का, हा त्यांचा प्रश्न. तिसऱ्या घरातला मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात आहे, पगारातून दर महिन्याला ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पैसे कापले जातात आणि घरात कुणालाच त्याचा अर्थ माहीत नाही. या तिघांना एकाच पडद्यावरून काय सांगणार? आणि भरल्या हॉलमध्ये हात वर करून ‘आमच्याकडे पैसे नव्हते हो’ असं कोण म्हणणार? आपल्या लोकांत तर नाहीच. मुलाचं पॅकेज लोक आनंदाने सांगतात, पण बिल कसं भागवलं ते सांगत नाहीत.

म्हणून हॉल सोडा. दोघी-दोघींच्या जोड्या करा आणि घरी जा. दुपारी चारच्या चहाला जा, ओट्याशी उभं राहून बोला. आरोग्य योजना हे शब्द सुरुवातीला तोंडातून काढूच नका. एवढंच विचारा: तुमच्याकडे शेवटचं कोण भर्ती झालं होतं, आणि पैसे कुठून आणले? आजाराबद्दल बोलायला कुणालाही आवडतं, पैशाचं त्याच ओघात आपसूक येतं. मग फाइल मागा. प्रत्येक घरात एक फाइल असते, प्लॅस्टिकची, कपाटाच्या वरच्या खणात. त्यात पॉलिसी असते, जुने रिपोर्ट असतात, कुठल्यातरी कार्डाची झेरॉक्स असते. ती फाइल एकदा शांतपणे उघडली की निम्मं काम झालं.

आता फाइलीत काय बघायचं, ते सांगते.

सत्तरी ओलांडलेलं कुणी घरात असेल तर तिथून सुरुवात करा. 2018 च्या सप्टेंबरात ही योजना आली तेव्हा ती ठरावीक कुटुंबांनाच होती. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर आणि त्यावरच्या प्रत्येकाला ‘वय वंदना’ कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, घर स्वतःचं आहे का हेही नाही. तेव्हा ‘ते गरिबांचं’ म्हणणाऱ्याला सांगा, हे कार्ड वयाचं आहे. वर्षाला 5 लाखांपर्यंतचा भर्ती होऊन घ्यायचा उपचार त्यात येतो. पण नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाहीत. आणि घरातल्या पासष्टीच्या मावशींना या कार्डाचा उपयोग नाही. हे दोन्ही आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर ऐन वेळी ‘तुम्हीच म्हणाला होतात’ हे ऐकावं लागेल. जे घर आधीपासून आयुष्मानमध्ये आहे, तिथल्या ज्येष्ठांना मात्र त्यांचे वेगळे 5 लाख मिळतात.

कार्ड काढायला मोबाइलवर आयुष्मान ॲप आहे आणि आधार लागतो. वय आधारवरूनच धरतात, म्हणून जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या. ॲप जमत नसेल तर योजनेतल्या रुग्णालयात ‘आयुष्मान मित्र’ बसलेला असतो, तो काढून देतो. माजी सैनिक किंवा केंद्र सरकारचे सीजीएचएसवाले (केंद्राच्या स्वतःच्या आरोग्य योजनेतले) पेन्शनर यांना त्यांची जुनी सोय किंवा हे, यातलं एक निवडावं लागतं. अशा घरी तुम्ही सल्ला देऊ नका. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरचं रुग्णालय कुठल्या यादीत आहे ते बघायला सांगा आणि उठा.

खाजगी पॉलिसीवाल्यांना मात्र हा पेच नाही, दोन्ही ठेवता येतात. इथे मी मुद्दाम थांबते, कारण इथे माणसं शहाणपणाच्या भरात घोटाळा करतात. कार्ड हातात आलं की काका म्हणतात, ‘आता कशाला चाळीस हजारांचा हप्ता भरायचा?’ आणि वर्षानुवर्षं चालवलेली पॉलिसी बंद करतात. त्यांना थांबवा. पॉलिसी तुटली की पुन्हा घेताना जुन्या आजारासाठी परत थांबावं लागतं, हल्लीच्या नियमाने जास्तीत जास्त तीन वर्षं. शिवाय पाच वर्षं सलग चाललेल्या पॉलिसीत ‘तुम्ही अमुक आजार लपवला होता’ असं म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. इतकी वर्षं भरलेल्या हप्त्यांची ही खरी कमाई असते. ती तशी सोडू नये.

पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त बसलेल्या घरातही दोन ओळी वाचून बघा. एक, खोलीच्या भाड्याची. 5 लाखांच्या पॉलिसीत खोलीला रोजचे 5 हजार अशी मर्यादा असेल आणि तुम्ही 8 हजारांची खोली घेतली, तर वरचे तीन हजारच तुमच्या अंगावर येतात असं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खर्चांतूनही त्याच प्रमाणात कापलं जातं. ‘बाबांना जरा चांगली खोली द्या’ हे प्रेम असं महागात पडतं. दुसरी ओळ नावांची. इंदूरच्या आपल्या निम्म्या घरांतली मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. आई अभिमानाने सांगते, ‘आमचा सगळा विमा याच्या कंपनीत आहे.’ त्या कागदावर आई-वडिलांची नावं आहेत का, ते मुलाला फोन करून तिथल्या तिथे विचारायला लावा. असली तरी मुलाने नोकरी बदलली की ते संरक्षण त्या नोकरीबरोबर गेलं. दावा अन्यायाने नाकारला गेला असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही.

ईएसआयसीचं थोडक्यात सांगते. महिन्याचा पगार 21 हजारांपर्यंत असेल तर कामगार त्यात येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. बायको-मुलंच नव्हे, त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात. नंदानगरचं रुग्णालय त्यांचंच. इथे भर्ती न होता साधं दाखवायला गेलं तरी औषधं मिळतात, जे आयुष्मानमध्ये नाही. पीथमपूर नाहीतर सांवेर रोडला जाणारी मुलं असलेल्या घरांत हे जरूर विचारा. ‘ते कापतात, पण का ते माहीत नाही’ हे उत्तर मी कितीदा ऐकलंय.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ: कामाला येणाऱ्या बायकांना बोलावलंच नव्हतं. बरं झालं नाही बोलावलं. त्या हॉलमध्ये त्या मागच्या सतरंजीवर बसल्या असत्या आणि शेवटी कप उचलले असते. त्यांच्याकडे तुम्ही जा. बिजलपूर, द्वारकापुरी काही लांब नाही. दोन घरांच्या कामांच्या मधली दुपारची वेळ त्यांना सोयीची असते, ती त्यांनाच विचारून ठरवा. बोलणं हिंदीत, माळवीत, निमाडीत, जे त्यांना सोपं पडेल त्यात. मराठी मंडळ आहे म्हणून मराठीचा आग्रह तिथे कशाला?

या घरांची गोष्ट वेगळी आहे. यांच्यातल्या पुष्कळ जणी सत्तरीची वाट न बघता आत्ताच योजनेत बसतात. आपल्या राज्यात जुन्या सर्वेक्षणातली कुटुंबं तर आहेतच, शिवाय रेशनची पात्रता पर्ची असलेली आणि असंघटित कामगारांच्या संबल योजनेत नोंद झालेली कुटुंबंही आयुष्मानमध्ये घेतली आहेत. तेव्हा पर्ची, संबल कार्ड आणि समग्र आयडी (राज्याच्या कुटुंब-नोंदणीचा क्रमांक), हे तीन कागद बघायचे. अडतं ते बहुतेक सुनेपाशी. लग्न होऊन चार वर्षं झालेली असतात आणि समग्रमध्ये तिचं नाव अजून माहेरच्या कुटुंबात. बाळंतपण गुंतागुंतीचं झालं, शस्त्रक्रिया लागली, की मग कळतं की सासरच्या कार्डात ती नाहीच. हे नाव हलवून घेणं वॉर्ड नाहीतर झोन कार्यालयातलं काम आहे, एकटीने गेली तर तिला ‘उद्या या’ ऐकावं लागतं. तुमच्यापैकी एखादी नीट बोलणारी, जरा कडक चेहऱ्याची बाई तिच्याबरोबर जाऊन उभी राहिली, तर तुमच्या साऱ्या व्याख्यानमालेपेक्षा ते मोठं काम होईल. कुटुंबात किती माणसं, यावर योजनेत मर्यादा नाही, तेव्हा म्हाताऱ्या सासूपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळ्यांची नावं चढवून घ्या.

त्या भागातल्या आशा कार्यकर्तीला आधी भेटा. कुणाच्या घरी कोण गरोदर, कुणाला टीबी, कुणाची पर्ची अडकली, सगळं तिला ठाऊक असतं. पण तिला तुमच्या मंडळाच्या मागे फुकट फिरवू नका. तिला कामागणिक मोबदला मिळतो आणि तुमचं काम त्यात धरलेलं नाही. रिक्षाचे पैसे द्या, वेळ तिच्या सोयीची घ्या. आणि 2024 पासून आशा, अंगणवाडी कार्यकर्त्या आणि मदतनीस यांची कुटुंबंही या योजनेत आहेत, तिचं स्वतःचं कार्ड निघालंय का तेही विचारा. दुसऱ्यांची नावं चढवता चढवता तिचं राहून गेलेलं असू शकतं.

काय मिळत नाही, तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा. रोजची बीपीची, साखरेची गोळी या कार्डावर मिळत नाही. नुसतं डॉक्टरांना दाखवणं, तपासण्या करणं, हेही नाही. भर्ती झालात तर आधीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांचा औषध-तपासणीचा खर्च धरतात, तेवढाच. पुष्कळ घरांना मात्र पिळून काढतो तो महिन्याचा औषधांचा खर्च. त्यासाठी जवळचं संजीवनी क्लिनिक, म्हणजे वस्तीतला सरकारी दवाखाना, आणि जन औषधी केंद्र दाखवा. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीतलं मूळ औषध कोणतं, ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या आणि तेच केंद्रात मागा. आणि एमवायचं, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं, नाव काढलं की आपली मंडळी नाक मुरडतात, त्याबद्दल जरा बोला. गर्दी आहे, रांगा आहेत, खोटं कशाला सांगू. पण अपघातात, भाजल्यात, रात्री-अपरात्री तिथे जी माणसं हाताशी असतात ती कोपऱ्यावरच्या वीस खाटांच्या नर्सिंग होमात नसतात, आणि जवळच सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. पर्याय माहीत करून द्यायचे म्हणता, तर त्यातला एक सभ्य घरात उच्चारायचाच नाही, असं कसं चालेल?

प्रत्येक घरातून निघताना एक कागद लिहून घ्या. त्यांच्या हाताने, तुमच्या नव्हे. रात्री दोनला कुणाला काही झालं तर पहिलं कुठे न्यायचं, तिथे आपलं काय चालतं, फाइल कुठे आहे, गाडी कोण काढणार, 108 ला फोन कोण करणार. योजनेतलं रुग्णालय आणि त्याचे विभाग ॲपवर दिसतात किंवा 14555 वर विचारता येतात. कार्ड असून रुग्णालयाने वर पैसे मागितले तर तक्रारही याच नंबरवर. हा कागद फ्रिजवर लावायला सांगा. ज्या घरात फक्त मुलालाच सगळं ठाऊक आहे आणि मुलगा पुण्याला आहे, तिथे तो आईच्या अक्षरात असू द्या.

एका बाबतीत मात्र मी तुम्हाला रागवणार आहे, अजून घडलं नसलं तरी. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्याही आधारचा फोटो मागवू नका. ‘सगळ्यांनी पाठवा, एकदमच करून टाकू’ असं कुणीतरी उत्साही म्हणणारच. ओटीपी ज्याचा त्याने स्वतःच्या मोबाइलवर बघायचा आणि स्वतःच टाकायचा. तुम्ही शेजारी बसायचं. कुणाच्या घरात कोणता आजार, किती कर्ज, हे हळदीकुंकवाला निघता कामा नये. एकदा जरी निघालं तरी पुढची दारं बंद होतील, आणि ती बंद होणं योग्यच असेल.

राहिले एजंट. खर्च घेऊ नका. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगला एजंट दाव्याच्या वेळी रात्री अकराला फोन उचलतो, मी पाहिलंय. पण त्याच्या पैशाने हॉल घेतला की पहिल्या रांगेत त्याची पत्रकं येतात, आणि सत्तरीच्या आजीला फुकट मिळणाऱ्या कार्डाबद्दल तो स्वतःहून फार बोलणार नाही. तुमच्यावर लोक विश्वास ठेवतील ते तुम्ही काही विकत नाही म्हणून. आणि आता हॉलच नाही, तर खर्च तरी कसला? झेरॉक्स, रिक्षा आणि आशाताईंचा चहा, एवढा पैसा वर्गणीतून निघेल. त्यांना मदत करायचीच असेल तर ज्या घरांत आधीच पॉलिसी आहे पण अटी कुणाला कळत नाहीत, तिथे तुमच्या जोडीबरोबर एखाद्या दुपारी या आणि वाचून समजावा म्हणावं. नवीन पॉलिसीचा फॉर्म मात्र घरी ठेवून.

पहिलं घर काकांचंच धरा. सूनबाईंना विचारून वेळ ठरवा, काका झोपलेले असताना.